सात नंबरची हजेरी

मी शाळेत पोचायच्या आधी माझा चहा उकळलेला असायचा. मी बीडहून येणारी. नेकनूरला एसटी सोडायची, पुढे मिळेल ती जीप धरायची, आणि फाट्यापासून शाळेपर्यंत पायी. कधी दहाला पोचायचे, कधी पावणेअकराला, कधी जीपवाल्याची टोपलीभर कोंबड्यांवरून भांडणं झाली की त्याहून उशिरा. पण कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात मी पाऊल टाकलं की इंगळे सर कपात चहा ओतत असायचे. पहिले काही महिने मला वाटलं, खिडकीतून त्यांना रस्ता दिसत असेल. एक दिवस मुद्दाम खिडकीशी जाऊन बघितलं. समोर मुलांच्या मुतारीची भिंत होती.

"कसं कळतं हो तुम्हाला?" मी विचारलं.

"बाई, तुमी मागून येता. तुमचा फोन आदी येतो," ते म्हणाले आणि साखर ढवळत राहिले.

मला ते आवडलं नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकते. आपण अजून रस्त्यावर असताना आपल्यातलं काहीतरी पुढे जाऊन एका खोलीत शिरतं आणि तिथला माणूस आपल्याला बघून घेतो, ही कल्पना कुणाला आवडेल? पण चहा चांगला असायचा.

इंगळे सर खरं तर सर नव्हतेच. नेमणूक प्रयोगशाळा सहायक म्हणून. परीक्षानळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या. कॉम्प्युटर शिकवणाऱ्याचं पद कधी मंजूरच झालं नाही, म्हणून ती खोली त्यांच्या गळ्यात पडली, आणि त्यांनी ती एखाद्या पोरीसारखी सांभाळली. उंच, वाळके, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. राहायला लिंबागणेशजवळच्या एका वस्तीवर, तिथून जुन्या मोटारसायकलवर यायचे. आवाज इतका हळू की मुलं त्यांचं ऐकायला गप्प बसत. आम्ही ओरडून जे साधू शकलो नाही ते त्यांनी पुटपुटून साधलं.

आमची शाळा डोंगराच्या अशा खोबणीत आहे की मोबाइलला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तीही नशिबात असली तर. इंटरनेट होतं ते एकाच कॉम्प्युटरला, वायरीतून. आणि वरच्या ऑफिसातून तर रोज काही ना काही माहिती मागवायचे, तीही फोनवरूनच भरायची. तेव्हा सरांनी त्या एका कॉम्प्युटरवर प्रॉक्सी सर्व्हर बसवला आणि छतावर वायफायचा एक जुना डबा ठोकला. आम्ही सगळ्यांनी आपापले फोन त्यांच्या हवाली केले. ते फोनच्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सीच्या रकान्यात त्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकायचे आणि प्रत्येक फोनला एक कायमचा नंबर द्यायचे. मुख्याध्यापक एक. मी सतरा. गणिताचे माने सर सात.

"म्हणजे नेमकं काय केलंत?" असं मी एकदाच विचारलं.

"तुमचा फोन बाहेर जात न्हाई, बाई. तो ह्या कॉम्प्युटरच्या कानात सांगतो, मला अमुक पायजे. हा जातो, आणतो, तुमच्या हातात देतो. बाहेरच्या दुनियेला वाटतं, एकच मानूस मागतोय सगळं. आपन सतरा जन हाय, हे तिकडं कुणालाच ठाव न्हाई."

त्यांच्या समोर स्क्रीनवर दिवसभर एक काळी खिडकी उघडी असायची. कुठल्याही फोननं काही मागितलं की तिच्यात एक पांढरी ओळ पडायची. डावीकडे वेळ, उजवीकडे नंबर. फोन खिशात असला तरी शाळेच्या आवारात आला की आपोआप काहीतरी विचारतोच, म्हणून माझी ओळ माझ्याआधी पोचायची. अशी पहिली ओळ पडली की सर ओठांतल्या ओठांत म्हणत, "सतरा हजर." दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं, पण म्हणत जरूर.

खरं तर त्या खिडकीत तिसराही रकाना असतो. कोण कुठे गेलं, काय बघितलं, त्याचा. तो सरांनी पहिल्या दिवशीच बंद करून टाकला होता. मुख्याध्यापकांना हे कळलं तेव्हा ते चिडले. वर्ग सोडून कोण काय बघतं ते त्यांना हवं होतं.

"इंगळे, यादी द्या मला."

"घ्या की सर. नुसतं येनं-जानं हाय तिच्यात."

"तो तिसरा रकाना चालू करा."

"दारात बसलेल्या मानसानं घरात डोकवू नाही, सर." एवढंच म्हणाले, आवाज न चढवता. मुख्याध्यापक चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून आम्ही बायका सरांपुढे फोन ठेवताना जरा निर्धास्त झालो.

त्यांचा आणखी एक नियम हजेरीपटावरून घेतलेला होता. वर्गातलं पोर मधेच शाळा सोडून गेलं तर त्याचा हजेरी क्रमांक वर्ष संपेपर्यंत दुसऱ्याला देत नाहीत, रिकामा ठेवतात. सर फोनच्या नंबरांचंही तसंच करत. चार नंबरच्या बाई बदलून गेल्या, तो रिकामा राहिला.

मग श्रावणात सात नंबर रिकामा झाला.

माने सर एका सोमवारी घरातून निघाले ते शाळेत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी कपिलधारला सापडली, स्टँडवर नीट लावलेली, हँडल लॉक केलेलं. धबधबा जोरात होता. पोहणारे उतरले, दोन दिवस शोधलं, काही मिळालं नाही. फोन लावला तर बंद. मागे बायको, आई आणि चौथीतली मुलगी. बायकोला आम्ही सगळे मानेवहिनी म्हणायचो. माने सर हसरे, पोरांच्या पाठीवर थाप मारणारे. असा माणूस असं का करेल ते कुणाला सांगता येईना, आणि त्यांनी काही केलंय की नाही तेही सांगता येईना.

वहिनींचं मात्र दोन्हीकडून मरण झालं. नवरा गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या थांबल्या. सासू सरळ म्हणाली, वर्ष झालं की पुसून टाक, गावाला किती दिवस तोंड दाखवायचं असं. वहिनी माझ्याजवळ एकदाच बोलल्या, शाळेच्या गेटवर, मुलीचा दाखला न्यायला आल्या तेव्हा. "बाई, कुंकू ठिवू का पुसू, एवढं कुनीतरी सांगा मला. दुसरं काय बी नको."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला गुरुवार होता. आमच्या गावचा बाजार गुरुवारी, त्यामुळे पोरं निम्मी. मी सरांच्या शेजारी बसून फोनवर कसलासा तक्ता भरत होते. बारा वाजून दहा मिनिटं. एक ओळ पडली, आणि सर सवयीनं पुटपुटले, "सात ह..."

शब्द अर्धाच राहिला. मी स्क्रीनकडे बघितलं. वेळ, आणि समोर सात. मग आणखी एक ओळ. सात. मग काही नाही, फक्त पंख्याचा आवाज, आणि पुन्हा सात.

सर उठले, मी त्यांच्या मागे. मैदान रिकामं होतं. ऊन पांढरं, लिंबाखाली शिपाईमामा जेवत बसलेले. रस्त्यावर बाजाराहून परतणारी एक म्हातारी, डोक्यावर पाटी. तिच्यापलीकडे कोणी नाही. आम्ही शाळेला पूर्ण फेरी मारली, मागच्या गोठ्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा सात थांबला होता. चार मिनिटांत चार ओळी.

सरांनी त्याच दिवशी प्रत्येक शिक्षकाला बोलावून फोन तपासला. कुणी नंबर बदललाय का, कुणी चुकून सात घातलाय का. रिकामे चार आणि सात सोडून एक ते सतरा, सगळे जागच्या जागी होते. "आमच्यात भुताला जागा न्हाई, बाई," ते मला म्हणाले. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती होती आणि हे ते अभिमानानं सांगत. पण ते सांगताना त्यांनी कपात चहा ओतला आणि कप भरून बशीत, बशी भरून टेबलावर गेला तरी ओतत राहिले.

पुढचे दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. येणं-जाणं कुणाला सांगायचं नाही हा त्यांचा नियम. शनिवारी तो त्यांनी मोडला. मानेवहिनींच्या दारात जाऊन म्हणाले, सात नंबर हजर झाला होता. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वेळ?" मग म्हणाल्या, "काय बघितलं त्यांनी?" तिसरा रकाना बंद होता. सरांना ते सांगता येईना. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो रकाना बंद केल्याचा पश्चात्ताप झाला.

पुढच्या गुरुवारी बाराला वहिनी येऊन कॉम्प्युटरच्या खोलीतल्या बाकावर बसल्या. सात आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. त्या दिवशी सासूही बरोबर आली होती, दारातच उभी होती, आणि सुनेच्या कपाळाकडे अशी बघत होती की मला खोलीतून उठून जावंसं वाटलं. तिसऱ्या गुरुवारी बारा दहाला सात आला.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. चार मिनिटं, कधी पाच.

गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागणार? माने मास्तर जिवंत हाय, बाजाराच्या दिवशी शाळेवरनं जातो, कुणाला दिसत न्हाई. ठाण्यातून एक जमादार आले, स्क्रीनपुढे टोपी काढून बसले आणि म्हणाले, आकड्याचा पंचनामा कसा करू? शिपाईमामांनी खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. इंगळे सरांनी ती सोडली आणि मिरच्या जेवणात खाल्ल्या. पण गुरुवारी दुपारी त्या खोलीत पाऊल टाकायला शिक्षक घाबरत, हे खरं. मीही घाबरत होते. वहिनी बाकावर पाठ न टेकवता बसलेल्या, त्यांना एकटं बसू द्यावं म्हणून सर बाहेर गेलेले, समोर ती काळी खिडकी. सात पडला की वहिनी उठायच्या, स्क्रीनला हात जोडायच्या आणि निघून जायच्या. संक्रांतीला बायकांनी त्यांना वाण दिलं. सासू गप्प झाली.

मार्चमध्ये एका गुरुवारी मी डबा धुवायला टाकीकडे गेले. टाकीच्या मागे, सावलीत, इंगळे सर भिंतीला टेकून उभे होते. हातात काच तडकलेला एक जुना फोन. नजर घड्याळावर. मला बघितलं तेव्हा त्यांनी तो लपवला नाही.

"सात?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

मला राग आला. इतका की डबा माझ्या हातातून सुटला. "सर, चार महिने ती बाई तुमच्यावर विसंबून जगतेय! कावून केलंत हे?" एरवी मी पुस्तकी बोलणारी, पण रागात मला आईची भाषा येते.

"पहिल्यांदा मी न्हवतो, बाई. तुमी व्हता की शेजारी. त्यो गुरुवार खरा. त्याच्यानंतर तो आलाच न्हाई. ती म्हातारी दारात उभी ऱ्हायली, तुमी बी बघितलं. मला वाटलं, एकदा लावू हजेरी. एकदाच. मग पुढच्या गुरुवारी कशी चुकवू?" ते बोलताना फोनकडे बघत होते. "पोरांची खोटी हजेरी मी कधी लावली न्हाई. आन ही लावली."

बारा दहा झाले होते. त्यांनी फोन चालू केला, आणि तिकडे खोलीत वहिनी उठल्या असणार.

एप्रिल आला. सर मे अखेरीला निवृत्त होणार होते आणि शाळा तर एप्रिलमध्येच संपते. नवीन वर्षात मोठं कनेक्शन येणार होतं, प्रॉक्सीची गरजच संपणार होती. पत्ता नाही, नंबर नाही, येईल त्यानं वापरावं. सरांची झोप उडाली होती ती त्यामुळे. जूनच्या पहिल्या गुरुवारी वहिनी येतील आणि सात येणार नाही. "ती म्हनंल, आता गेला. अन् मी घरी बसून ऐकत ऱ्हाऊ?" शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी ते मला म्हणाले, "बाई, संगं चला. मला एकट्याला हुनार न्हाई."

शाळा सुटल्यावर गेलो. सासू शेजारी गेली होती. मुलगी अंगणात पाढे घोकत होती. वहिनींनी चटई टाकली, पाणी दिलं. सर बसले नाहीत. उभ्यानंच, मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्यांनी सगळं सांगितलं. टाकी, जुना फोन, प्रत्येक गुरुवार. शेवटी म्हणाले, "वहिनी, सात नंबर मी व्हतो. तुमी काय बी बोला मला."

वहिनी आत गेल्या. पत्र्याच्या पेटीची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सरांपुढे चटईवर ठेवलं आणि गाठ सोडली. आत माने सरांचा फोन होता. मी तो ओळखला, मागे मुलीनं चिकटवलेलं फुलाचं स्टिकर होतं.

"जाताना ठिवून गेलेते," त्या म्हणाल्या. "फोन, घड्याळ, अंगठी. उशीखाली. मी कुनालाच सांगितलं न्हाई. फोन घिऊन गेलेला मानूस परत येतो म्हनतात लोक. ठिवून गेलेला कशाला येईल? तवा मी सगळ्यास्नी सांगितलं, संगं हाय म्हून."

"म्हणजे तुम्हाला..." मी म्हणाले.

"पहिल्या दिवसापास्नं ठाव हाय, बाई. सर दारात आले तवाच कळलं, हे खोटं. मला वाटलं, देवमानूस हाय, माझ्यासाठी लबाड बोलायलाय. बोलू द्या. माझी इज्जत ऱ्हायली त्यांच्यामुळं. मी काय कुंकू त्यांच्या आकड्यावर लावत न्हवते. ते माझं मी लावते." त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. "सर, तुमी कशाला जीव जाळता? मी कवाच समजून बसले हुते."

मला वाटलं, सुटलो. सगळेच सुटलो. पण सरांचा चेहरा उतरला होता. ते खाली बसले, चटईच्या कडेला, जमिनीवरच.

"वहिनी, हा फोन कवापासून पेटीत हाय?"

"ते गेल्यापास्नं."

"दिवाळीनंतर कुनी बाहेर काढलता? पोरीनं?"

"किल्ली माझ्या गळ्यात असती. चार्जिंग बी न्हाई केलं कवा."

सरांनी फोनला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "पहिला गुरुवार माझा न्हवता."

त्यांना वाटलं असेल, आपण हजेरी खोडायला आलोय तर पूर्ण खोडावी, जेवढी खोटी तेवढीच. खरं बोलायचं ठरवून आलेला माणूस, त्याला अर्ध्यावर थांबता आलं नाही. मी त्यांची बाही ओढली, पण तोवर वाक्य बोलून झालं होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी शेजारी होते त्या दिवशी, त्यांना ते माहीत होतं. मी खोटं बोलायला हवं होतं. मला अजूनही वाटतं, बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली.

बराच वेळ अंगणातून पाढ्यांचा आवाज येत होता. मग वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मग कोन आलं हुतं, सर?"

त्या गुरुवारी, शाळेच्या शेवटच्या गुरुवारी, वहिनी अकरालाच आल्या. चालत नाही, जवळजवळ पळत. केस विस्कटलेले. इतके महिने त्या शांत बसायच्या ते सगळं खोटं आहे हे ठाऊक असल्यामुळे. आता त्या बाकावर टेकायलाही तयार नव्हत्या. सरांनी खिशातून तो तडकलेला फोन काढला, बॅटरी काढून वेगळी केली आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. मग ते खुर्चीवरून उठले. त्या खुर्चीत मी त्यांच्याशिवाय कुणालाही बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी ती पदर लागणार नाही अशी बाजूला सरकवून धरली.

"बसा, वहिनी. तिसरा रकाना बी चालू केलाय."

वहिनी बसल्या. त्यांनी पदराच्या टोकानं स्क्रीनवरची धूळ पुसली आणि खुर्ची पुढे ओढली.

बाराला पाच कमी होते. मला तिथं थांबवेना. बाहेर आले तर सर गाडीपाशी उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला. निरोपसमारंभ दुपारी तीनला होता, हार येऊन पडले होते, पण त्यांनी डबा हँडलला अडकवला होता. मीही त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. नंतर आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"बघून येऊ का?" मी विचारलं.

"नका, बाई."

त्यांनी गाडीचा स्टँड काढला. किल्ली लावली पण किक मारली नाही. मैदानातून, गेटातून, पार रस्त्यापर्यंत ती भरउन्हात ढकलत नेली, घरात कुणी झोपलेलं असताना नेतात तशी.